अल्सर फुटल्याच्या ऑपरेशननंतरचा चौथा दिवस: नाडी ११२, पोट फुगलेलं, आता काय बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा. निपाणीजवळच्या गावातले ६१ वर्षांचे शेतकरी, वजन साधारण ६० किलो. बिडी रोजची, गुडघ्यांसाठी दुखण्याच्या गोळ्याही रोजच्याच. एका संध्याकाळी अचानक पोटात कळ आली, पोट कडक झालं. रात्र घरीच काढली, दुसऱ्या दिवशी उशिरा दवाखाना गाठला. जठराला लागून असलेल्या ड्युओडेनमला छिद्र पडलं होतं. पोट उघडून ते बंद केलं. आज चौथा दिवस. ताप १००, नाडी ११२, पोट फुगलेलं, वारा सरलेला नाही, मधूनमधून उचकी. डॉक्टर ‘थांबू या’ म्हणतात आणि भावकी म्हणते कोल्हापूरला हलवा. मुलगा विचारतो की आप्पा यातून उठतील का, पुढं काय काय होऊ शकतं आणि घरी आणल्यावर काय सांभाळायचं.

आधी आजचं बघू. छिद्र पडून चोवीस तास उलटले, पोटभर घाण पसरली, तर आतडी चार-पाच दिवस गप्प बसतात. त्यामुळे ‘थांबू या’ हे उत्तर चुकीचंच आहे असं नाही. पण ११२ नाडी सोडून देण्यासारखी नाही. तापाचा हिशेब करून बघा. शरीराचं तापमान एक अंश सेल्सियसनं वाढलं की नाडी साधारण १० ठोक्यांनी वाढते. १०० फॅरनहाइट म्हणजे ३७.८ सेल्सियस, म्हणजे तापामुळं ८० ची नाडी फार तर ९० व्हावी. वरचे वीस ठोके दुसऱ्या कशाचे तरी आहेत, आणि ते कशाचे हे आजच शोधायला हवं. पोटाच्या ऑपरेशननंतर नाडी बहुधा तापाच्या आधी बोलते, आणि पोट दुखायला लागण्याच्याही आधी.

सगळ्यात साधं कारण म्हणजे अंगात पाणी कमी पडणं. लघवी वजनाच्या दर किलोमागे तासाला निदान अर्धा मिली व्हायला हवी. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिली, म्हणजे दिवसाला ७०० मिलीच्या वर. पिशवीत त्याहून कमी आणि गडद लघवी असेल तर सलाईन पुरत नाही. नाकातल्या नळीतून रोज लिटरभर हिरवं पाणी निघत असेल तर तेही भरून द्यावं लागतं, आणि त्याबरोबर पोटॅशियमही, कारण पोटॅशियम ३.५ च्या खाली गेलं की आतडी हलायलाच तयार नसतात. पोट फुगण्याचं हे कारण रक्ताच्या एका स्वस्त तपासणीत कळतं, तरी पुष्कळदा राहून जातं.

दुसरं कारण दुखणं. दुखतंय म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि मग तिसरं कारण तयार होतं, म्हणजे छातीत कफ साचून न्यूमोनिया. बिडी ओढणाऱ्याला हा धोका सरळ जास्त. श्वास मिनिटाला २० च्या वर, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९४ च्या खाली, तर छातीचा फोटो आजच. चौथं कारण घरचे लपवतात, ते म्हणजे दारू. रोज घेणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, नाडी धावते, रात्री माणूस काहीबाही बडबडतो आणि नळ्या ओढतो. कुणी म्हणतं बाहेरचं लागलंय. घेत असतील तर डॉक्टरांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगा, किती आणि किती वर्षं तेही. त्यावर औषध आहे, आणि बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन वेळेत लागतं. न घेणाऱ्या वयस्क माणसानंही असं बडबडणं सुरू केलं तर ऑक्सिजन, साखर, सोडियम आणि जंतुसंसर्ग या चार गोष्टी तपासल्याशिवाय झोपेचं इंजेक्शन मागू नका.

पाचवं कारण गळती. तपासणीत ती नाही असं दिसल्याशिवाय तिला मनातून काढायचं नाही.

हे छिद्र नुसतं दोरा घालून शिवत नाहीत. कडा सुजून पिठूळ झालेल्या असतात, टाका ओढला की फाटतात. म्हणून पोटातल्या चरबीच्या पडद्याचा, ज्याला ओमेंटम म्हणतात, एक जिवंत तुकडा छिद्रावर बसवून तीन-चार टाक्यांनी अडकवतात. १९३७ पासून ही रीत ग्रॅहॅम यांच्या नावानं ओळखली जाते आणि आजही तीच वापरतात. बहुतेक वेळा ती टिकते. छिद्र दोन सेंटिमीटरपेक्षा मोठं असेल, रुग्ण उशिरा आलेला असेल, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन फार कमी असेल, तर सुटण्याची भीती वाढते. ऑपरेशनच्या नोंदीत छिद्राचा आकार लिहिलेला असतो. तो विचारा. अर्ध्या सेंटिमीटरचं छिद्र आणि अडीच सेंटिमीटरचं छिद्र यांची पुढची वाट वेगळी असते.

पोटातून बाहेर काढलेल्या नळीकडे नीट बघा. पहिले दोन दिवस लालसर पाणी येतं, नंतर पिवळट होत कमी होतं. ते हिरवं किंवा गर्द पिवळं, चिकट झालं तर पित्त बाहेर येतंय, आणि हे ताबडतोब सिस्टरला दाखवायचं. मात्र नळीत काही येत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. नळी गुठळीनं बंद होते, किंवा तिचं टोक भलतीकडे सरकलेलं असतं आणि पू दुसऱ्याच कोपऱ्यात साचतो. नाकातल्या नळीत हिरवं पाणी येणं मात्र अशा फुगलेल्या पोटात अपेक्षितच आहे. दोन नळ्यांचा गोंधळ करून नातेवाईक उगाच घाबरतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे उगाच निर्धास्त राहतात.

उचकीला आपल्याकडे कोणीतरी आठवण काढतंय म्हणायची पद्धत आहे. पोटाच्या ऑपरेशननंतर थांबत नसलेल्या उचकीचा अर्थ बहुधा असा की जठर तुंबलंय, किंवा श्वासपटलाखाली काहीतरी साचलंय. नाकातली नळी तुंबली आहे का बघायला सांगा. सिस्टर २० मिली सलाईन घालून ती मोकळी करते, आणि कधी कधी लिटरभर पाणी निघून उचकी तिथंच थांबते. तुंबलेल्या पोटाची उलटी झोपेत छातीत गेली तर माणूस दगावू शकतो. म्हणून नळी त्रासदायक आहे, काढून टाका, असा आग्रह धरू नका, आणि खाटेची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवा.

आज डॉक्टरांना विचारायचं ते असं: पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) किती आहे, पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (सूज-संसर्ग दाखवणारी रक्ततपासणी) कालच्यापेक्षा वर आहेत की खाली, छातीचा फोटो काढला का, आणि थांबायचं ठरलं तर कधीपर्यंत, कशावर निर्णय बदलणार? सीआरपी ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांनी शिखरावर जातो आणि मग उतरायला लागतो. आधीच पोटात पू असलेल्या रुग्णात तो उंच असणारच, त्यामुळे एका आकड्यापेक्षा उतार बघायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी तो १५० च्या वर अडलेला किंवा चढता असेल, नाडी खाली येत नसेल, तर सीटी स्कॅन करायला पुरेसं कारण आहे. नळीतून विरघळणारं औषध पाजून केलेला सीटी ठिगळ सुटलंय का तेही दाखवतो. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर सीटीसाठी शिरेतून औषध द्यायचं की नाही याचा विचार डॉक्टर करतील. पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आधी केलेल्या सोनोग्राफीवर फार विसंबू नका. आतड्यातल्या वाऱ्यामुळं तिला पलीकडचं दिसत नाही.

आता आप्पा यातून उठतील का. कुणीही शब्द देणार नाही, पण चित्र सांगता येतं. अल्सर फुटलेल्या रुग्णांत तीन गोष्टी परिणाम ठरवतात: दवाखान्यात येताना रक्तदाब कोसळलेला होता का, हृदय, किडनी, फुप्फुसाचा मोठा आजार आधीपासून आहे का, आणि छिद्र पडून २४ तासांपेक्षा जास्त वेळ गेला का. तुमच्या सांगण्यावरून तिसरी गोष्ट लागू दिसते. पहिल्या दोन नसतील तर शक्यता त्यांच्या बाजूची आहे. वेळेची किंमत किती, याचा डेन्मार्कमधल्या मोठ्या नोंदीवरून काढलेला अंदाज असा की दाखल झाल्यापासून ऑपरेशनला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरानं वाचण्याची शक्यता सुमारे २.४ टक्क्यांनी घटते. इंग्लंड-वेल्समध्ये तातडीनं पोट उघडलेल्या सगळ्या रुग्णांची राष्ट्रीय नोंद ठेवतात. तिथंही ३० दिवसांत ९ ते १२ टक्क्यांच्या आसपास मृत्यू नोंदले गेले आहेत. म्हणजे हे मोठंच दुखणं आहे. ‘छोटं छिद्र होतं, शिवलं’ एवढ्यावर संपणारं नाही.

पण याहून कामाचा आकडा वेगळा आहे. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मृत्यूचं प्रमाण सर्वांत जास्त असलेली आणि सर्वांत कमी असलेली रुग्णालयं शेजारी ठेवून पाहिली. गुंतागुंत दोन्हीकडे जवळजवळ सारखीच होती, २४.६ आणि २६.९ टक्के. फरक होता तो मोठी गुंतागुंत झाल्यावर दगावण्यात: एकीकडे २१.४ टक्के, दुसरीकडे १२.५ टक्के. चांगल्या हातातही टाके सुटतात, पू होतो, छाती भरते. ते किती लवकर ओळखलं आणि त्यावर किती लवकर हालचाल केली, यावर माणूस वाचतो. खाटेशेजारी बसलेल्या मुलाचं, सुनेचं काम इथं खरोखर मोठं आहे. डॉक्टर दिवसातून दोनदा येतात, तुम्ही चोवीस तास तिथं असता.

त्यासाठी एक वही करा. सकाळी आणि संध्याकाळी नाडी, ताप, मिनिटाला श्वास, लघवी किती, दोन्ही नळ्यांत किती आणि कसल्या रंगाचं, किती पावलं चालले, एवढं लिहा. श्वास मोजताना रुग्णाला सांगू नका, नाहीतर तो बदलतो. पूर्ण एक मिनिट मोजा. पोटाच्या ऑपरेशनचा रुग्ण रोज कालच्यापेक्षा थोडा बरा दिसला पाहिजे. काल पाच पावलं चालला आणि आज उठायला नको म्हणतो, काल बोलत होता आणि आज भिंतीकडे तोंड करून पडलाय, तर ताप असो वा नसो, ते लक्षण मोठं आहे. वहीतले आकडे दाखवून बोललं की घाईत असलेला डॉक्टरही थांबतो.

दिवसांचा अंदाज ठेवला तर कधी काय शोधायचं ते कळतं. पहिल्या दोन दिवसांतला हलका ताप बहुधा ऑपरेशनच्या जखमेचीच प्रतिक्रिया असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती आणि लघवीच्या नळीचा संसर्ग. लघवीची नळी म्हणूनच गरज संपताच काढायची. पाचव्या ते सातव्या दिवशी जखमेत पू आणि आतली गळती. सातव्यापासून पुढं पोटात पुवाचं गळू. पायातल्या शिरेत रक्त गोठण्याचा धोका मात्र पहिल्या दिवसापासून महिनाभर असतो. एकच पोटरी सुजली, दुखू लागली, किंवा एकाएकी धाप लागली, तर त्याची वेळ ठरलेली नसते, थेट आयसीयू असलेलं रुग्णालय गाठायचं. पोटात किंवा मांडीत रोज देतात ते रक्त पातळ ठेवण्याचं इंजेक्शन यासाठीच असतं. ते चुकवू नका.

छातीसाठी तीन चेंडूंचं यंत्र मिळतं. ते फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं, आणि निम्म्या घरांत ते उलटं वापरलं जातं. जागेपणी दर तासाला दहा वेळा, प्रत्येक वेळी चेंडू दोन-तीन सेकंद वर धरून. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची. दुखण्याचं औषध यासाठी मागून घ्या. न दुखता खोकता आलं पाहिजे. फक्त ते डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या जातीचं नसावं, कारण याच गोळ्यांनी बहुधा हा अल्सर केला आहे. पॅरासिटामॉल आणि गरजेप्रमाणे ट्रामाडॉलसारखी औषधं चालतात.

गळती निघालीच तर दोन वाटा असतात. पोटभर पसरलेली असेल, रक्तदाब ढळत असेल, तर पोट पुन्हा उघडून धुवावं लागतं. दुसऱ्यांदा उघडायचं म्हटलं की घरचे सही करायला दोन दिवस लावतात, ‘आधीच्यानं बिघडवलं’ म्हणून भांडण होतं, आणि त्या दोन दिवसांत किडनी बसते. सही लवकर करा, भांडण असेल तर नंतर. दुसरी वाट म्हणजे गळती नळीतूनच नीट बाहेर येत असेल, पोट मऊ असेल, नाडी उतरत असेल, तर पोट न उघडता सांभाळता येतं. आत गळू साचलं असेल तर सोनोग्राफी किंवा सीटीखाली सुईनं नळी घालून ते काढतात. मग पोषण. तोंडानं जमत नसेल तर नाकातून किंवा पोटातून पुढच्या आतड्यात बारीक नळी घालून. रोज ५०० मिलीपेक्षा जास्त पाणी येत असेल तर क्षार वारंवार तपासावे लागतात. पित्तानं नळीभोवतीची कातडी जळते. तिथं झिंक ऑक्साइडचा जाड थर पहिल्या दिवसापासूनच. पुढच्या आतड्याला अडथळा नसेल आणि पोषण मिळत असेल तर अशा बऱ्याच गळती चार-सहा आठवड्यांत आपोआप बंद होतात. हा काळ घरच्यांच्या संयमाचा आणि खिशाचा कस बघतो.

हलवायचं की नाही? निपाणीहून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर, बेळगाव ७५. अथणी-रायबागकडचे लोक मिरजेला जातात. अंतरापेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे. आता आहात तिथं आयसीयू, सीटी आणि रात्री पोट उघडू शकणारी टीम आहे का? असेल आणि तपासण्या होत असतील तर तिथंच राहा. ज्यानं पोट उघडलं त्याला आतलं चित्र माहीत आहे. नसेल, तर रक्तदाब सांभाळलेला असताना, दिवसाउजेडी हलवा. कोसळल्यावर अँब्युलन्समध्ये घालणं सगळ्यात वाईट. निघण्यापूर्वी पलीकडच्या सर्जनशी तुमच्या डॉक्टरांनाच फोनवर बोलायला लावा आणि आयसीयूची कॉट पक्की करा. बरोबर ऑपरेशनच्या नोंदीची प्रत, सीटीची सीडी, पुवाच्या कल्चरचा रिपोर्ट, कोणती अँटिबायोटिक किती दिवस दिली ते, आणि तुमची वही. सीमा ओलांडताना कार्डाचा प्रश्न येतो. कर्नाटकचं आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक कार्ड कोल्हापूर-मिरजेच्या त्या रुग्णालयात या ऑपरेशनला चालतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, निघण्याआधी विचारा. दारात पोचल्यावर विचारलं तर डिपॉझिटची पावती हातात पडते.

अँटिबायोटिकबद्दल एक गैरसमज इथंच काढतो. पोटातलं उगमस्थान नीट बंद केलेलं असेल तर चार-पाच दिवसांचा कोर्स आणि लांबवलेला कोर्स यांचा परिणाम सारखाच, हे २०१५ मध्ये मोठ्या चाचणीत दिसलं. पाचव्या दिवसानंतरही ताप असेल तर आणखी भारी इंजेक्शन चढवण्यापेक्षा पू कुठं आहे ते शोधायला हवं. सलाईनचंही तसंच. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभर कॅलरीसुद्धा नाहीत. ज्वारीच्या एका भाकरीत त्याच्या अडीच-तीन पट. ‘अशक्तपणा आहे, दोन बाटल्या चढवा’ याला काही अर्थ नाही.

जखमेत पू होणं ही सगळ्यात सामान्य गुंतागुंत. ६६ देशांतल्या १२ हजारांवर रुग्णांच्या २०१८ सालच्या अभ्यासात पोटाच्या ऑपरेशननंतर जखमेचा संसर्ग विकसित देशांत ९.४ टक्के, मधल्या गटातल्या देशांत १४ आणि गरीब देशांत २३.२ टक्के आढळला. फुटलेल्या अल्सरसारख्या घाणेरड्या पोटात प्रमाण आणखी वर असतं. म्हणून जखमेत पू झाला म्हणजे डॉक्टर वाईट, असं धरू नका. उपाय म्हणजे तेवढे दोन-तीन वरचे टाके काढून पू मोकळा करणं आणि रोज सलाईननं धुऊन ड्रेसिंग. नुसत्या गोळ्यांनी कोंडलेला पू जात नाही. उघडी जखम तळापासून भरत यायला तीन ते सहा आठवडे लागतात. हळद, राख, कॉफी पावडर काही घालायचं नाही. चिंचलीच्या मायाक्काचा भंडारा कपाळाला जरूर लावा, जखमेला नको.

पुवापेक्षा जास्त भीती ज्याची बाळगायची ते वेगळंच असतं, आणि ते साधं दिसतं. पाचव्या ते दहाव्या दिवशी कोरड्या दिसणाऱ्या जखमेतून अचानक गुलाबी, पातळ पाणी येऊन पट्टी आणि लुगडं-धोतर भिजतं. वास नाही, दुखत नाही. हे आतले, पोटाच्या भिंतीचे टाके सुटत असल्याचं लक्षण आहे. त्याच तासाला दाखवायचं. पुढं खोकला आला की पोट फुटून आतडं बाहेर येतं. तसं झालंच तर रुग्णाला पाठीवर, गुडघे वाकवून झोपवा, आतडं आत ढकलू नका, उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये भिजवलेलं स्वच्छ कापड वर ठेवा, तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका आणि १०८ बोलवा. खोकला, बद्धकोष्ठ, फुगलेलं पोट आणि कुपोषण ही याची कारणं. दोऱ्याचा दर्जा बहुधा निर्दोष असतो.

घरी सोडताना कागद हातात घेऊन गोळ्या वाचून घ्या. कार्ड इंग्रजीत असतं, सिस्टर कन्नडमध्ये समजावते, आणि घरी मराठी वाचणारी सून औषध देणार असते. तिथंच फोनवर आवाज रेकॉर्ड करून घ्या किंवा प्रत्येक पाकिटावर मराठीत वेळ लिहून घ्या. खानापूरच्या कणकुंबी-जांबोटी भागातल्यांना एक वेगळी सूचना: जुलैच्या पावसात डिस्चार्ज मिळाला तर टाके निघेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, खानापूर किंवा बेळगावातल्या पाहुण्यांकडे राहा. रात्री रस्ता बंद असताना गुलाबी पाणी दिसलं तर काहीच करता येत नाही.

खाण्याबाबत आपल्याकडे दोन टोकं आहेत: एक महिनाभर पेज, दुसरं घरी आल्या दिवशी रग्गड मटण. वारा सरल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर पाणी, पातळ ताक, मुगाचं कढण. एक-दोन दिवसांत मऊ भात, खिचडी, उकडलेलं अंडं. आठवडाभरात दुधात किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. भात-दही-अंड्यानं जखम चिघळते ही समजूत माणसाला उपाशी मारते. जखम भरायला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, ६० किलोला ७२ ते ९० ग्रॅम. तीन अंडी १८, अर्धा लिटर दूध १६, दोन वाट्या घट्ट डाळ १४, दोन भाकरी १६, मूठभर शेंगदाणे ७, वाटीभर दही ६, झाले ७७. अंडं न खाणाऱ्या लिंगायत, जैन घरांत ५० ग्रॅम सोयाबीन चुरा भिजवून आमटीत टाकला की २५ ग्रॅम एकट्यानं मिळतात. साखर असलेल्यांनी ती १८० च्या खाली ठेवायची, नाहीतर प्रथिनं खाऊनही जखम भरत नाही.

बिडी सुटायलाच हवी, नाहीतर अल्सर परत येऊ शकतो. निपाणी भागात तंबाखू घरातच असतो, बायकांची मशेरीही त्यातच धरा. त्याबरोबर अल्सर करणाऱ्या एच पायलोरी जंतूवरचा १४ दिवसांचा कोर्स पूर्ण करायचा. त्यात आम्ल कमी करणारी गोळी आणि निदान दोन अँटिबायोटिक असतात, तोंड कडू होतं, पोट बिघडतं, म्हणून लोक पाचव्या दिवशी सोडतात. कोर्स संपल्यावर चार आठवड्यांनी जंतू गेला का हे श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीनं बघतात. त्यापूर्वी दोन आठवडे आम्लाची गोळी थांबवायला लागते. सहा-आठ आठवड्यांनी दुर्बिणीची तपासणी. छिद्र ड्युओडेनमऐवजी जठराचं असेल तर ही तपासणी चुकवायचीच नाही, तिथं कर्करोग नाही ना हे बघायला तुकडा काढून तपासावा लागतो. गुडघ्यासाठी किराणा दुकानातली अंगदुखीची पुडी आता कायमची बंद.

पोटाच्या भिंतीला सहा आठवड्यांत जेमतेम निम्मी ताकद येते. तोवर पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, भरलेली घागर नाही, मोटारसायकलची किक नाही. खताचं पोतं, उसाची मोळी तीन महिन्यांनंतर. पट्टा चालताना आधार वाटतो म्हणून बांधा, पण हर्निया टळतो असं समजून करकचून बांधला तर श्वास अपुरा पडतो, झोपताना काढा. मधोमध चिरलेल्या पोटात दहातल्या एक-दोघांना पुढं हर्निया होतो. बारीक, जवळजवळ घातलेल्या टाक्यांनी ते प्रमाण घटतं, २०१५ च्या एका चाचणीत वर्षभरात २१ वरून १३ टक्क्यांवर आलं, पण शून्य होत नाही. उभं राहून खोकल्यावर व्रणाशेजारी फुगवटा दिसला तर दाखवा, घाई नसते. तो कडक झाला, आत जात नाही आणि उलट्या लागल्या तर मात्र त्याच रात्री.

आतडी एकमेकांना चिकटून अडकण्याचा धोका जन्मभर राहतो. पाच वर्षांनीही पोटात मुरडा येऊन फुगलं, हिरवी उलटी झाली आणि वारा बंद झाला, तर ‘वातड खाल्लं असेल’ म्हणत दोन दिवस काढू नका आणि जुलाबाचं औषध तर मुळीच देऊ नका. वेळेत गेलं तर पुष्कळ वेळा नाकातली नळी आणि सलाईनवर दोन-तीन दिवसांत सुटतं. जाताना हे जुनं डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. त्याचा फोटो आजच दोघा-तिघांच्या फोनमध्ये ठेवा.